कंबरेचं नाव काढायचं नाही

आमच्या भावजींचं गाद्यांचं दुकान आहे. दारावर पाटी, 'एकदा पाठ टेका, कंबरदुखी विसरा.' त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या कंबरेला दुखायची मुभा नव्हती.

कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जायची, पावलाला मुंग्या यायच्या. ते म्हणायचे, "चप्पल चावते." चप्पल बदलली, मग बूट घेतले. चावणं काही थांबेना.

अखेर जाऊबाईंनी ओढूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही सोबत गेले. बाईंनी भावजींना पायाचे अंगठे वर उचलायला सांगितले. डावा उचलला, उजवा ढिम्म.

"मणक्यांमधली चकती सरकून नसेवर दाबतेय," बाई म्हणाल्या. "ती नस पायात उतरते. म्हणून कळ पायात, पण मूळ कंबरेत."

"माझी कंबर ठणठणीत आहे हो."

"अंगठा तसं म्हणत नाही. उद्याच एमआरआय काढा. दाब असाच राहिला तर पाऊल लुळं पडेल. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर क्षणभर थांबू नका."

बाहेर येताच भावजींनी बजावलं, "कुणी विचारलं तर गुडघा सांगायचा."

"खोटं कसं बोलू, भावजी?"

"मग बोलू नका, वहिनी. तेवढं तुम्हाला जमतं."

एमआरआय राहिला, कारण दुसऱ्या दिवशी एका हॉटेलचे मॅनेजर यायचे होते. ते आले. मी कोपऱ्यात गादीच्या कडा शिवत, मनात नाम घेत बसले होते. भावजी ऐटीत गादीवर आडवे झाले. उठता मात्र येईना. कपाळाला घाम फुटला.

"उठा की," मॅनेजर म्हणाले.

"उठावंसंच वाटत नाही, साहेब. हीच तर खुबी."

मॅनेजर खूश. सगळ्या खोल्यांसाठी गाद्या सांगून गेले.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले, "मी पाऊल उचलतोय. हलतंय का बघा."

मी जवळ जाऊन पाहिलं. पाऊल तसंच लोंबत होतं.

"नाही, भावजी."

त्यांनी खिशातला मोबाईल काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "बाईंना फोन करा."

जाऊबाई धावत आल्या. हमालांनी भावजींना गादीसकट उचललं. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. "अरेरे, काय झालं यांना?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"कंबर," भावजी पडल्या पडल्या म्हणाले. "कंबरेत नस दबलीय. वाट सोडा हो, आधीच उशीर केलाय मी."