सलाम ठोकणारं खेचर

“मग त्या खेचराचं पुढे काय झालं?” मास्तरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच समोरच्या पत्रातल्या सहा ओळी कात्रीनं कापून पायाशी ठेवलेल्या टोपलीत सोडल्या.

छत्रीवाला टोपी हातात धरून टेबलासमोर उभा होता. त्या सहा ओळी सोडल्या तर पत्रात त्याला काहीच सांगायचं नव्हतं. उरलेल्या कागदावर तारीख होती, ‘तू बरी असशील’ होतं आणि खाली सही. मधल्या भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

“मास्तर, तेवढं जाऊ द्या. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“इथे चार हजारांच्या जिवाचा आहे,” मास्तर म्हणाले. “तू आपलं खेचराचं लिही. खेचराला कुणी अडवत नाही.”

युद्धाआधी मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. पोरांना नद्या आणि डोंगर दाखवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस आता छावणीतून बाहेर जाणाऱ्या कुठल्याही पत्रात नदी किंवा डोंगर सापडला की कापून काढायचा. माणूस वाईट नव्हता. कापताना जीभ दाताखाली धरायचा.

आणि ते खेचर छत्रीवाल्याचंच. म्हणजे त्याच्या डोक्यातलं.

छत्रीवाला जन्माचा थापाड्या. बाजाराच्या कोपऱ्यावर बसून मोडक्या छत्र्यांना काड्या घालायचा, आणि काडी घालता घालता अशी थाप ठोकायचा की पाऊस थांबला तरी गिऱ्हाईक उठायचं नाही. मग लढाई पेटली आणि त्याला बोलावणं आलं. शर्टांच्या कारखान्यात बटणं लावणारी त्याची ती, निरोपाच्या दिवशी त्याच्या कोटाची सगळी बटणं काढून पुन्हा लावत बसली. कारखान्यात बटणाला दोऱ्याचे चार वेढे देतात. तिने आठ दिले. सुई दर बटणामागे एकदा तरी तिच्या बोटात शिरत होती.

तेव्हाच त्याने ठरवलं की हिला झोप लागली पाहिजे. आणि पहिल्याच पत्रात थापांचं कोठार उघडलं. छावणीतल्या गाद्या म्हणे इतक्या मऊ, की एक जवान रात्री गादीत बुडाला तो तिसऱ्या दिवशी सापडला, वर ‘कशाला उठवलंत’ म्हणून भांडला. हवालदार कवायत घेताना म्हणे ‘दमलात का रे बाळांनो’ विचारतो. आणि खेचर. ते हुद्दा पाहून सलाम ठोकतं. शिपाई दिसला की एक कान, हवालदार दिसला की दोन, कप्तान दिसला की पुढचा पाय. एकदा थेट सेनापती आले, तेव्हा द्यायला काही शिल्लकच राहिलं नाही, म्हणून बिचारं खाली बसून रडलं.

खरी गोष्ट एवढीच की गादी नव्हतीच. ओल्या पेंढ्यावर पन्नास माणसं एका बराकीत. तिसऱ्या बराकीत खोकल्याची साथ होती आणि एका आठवड्यात तिथून नऊ जणांना झाकून नेलं. रायफली लाकडाच्या. सहा महिन्यांचं शिक्षण सहा आठवड्यांवर आलं होतं, कारण पुढे माणसं पुरत नव्हती. एकदा मास्तरांची छत्री दुरुस्त करायला तो त्यांच्या खोलीत बसला, तेव्हा कोपऱ्यात तीन पोती पाहिली. आधीच्या तुकडीच्या नावाने घरून आलेली पत्रं होती ती. आघाडीवर जाऊन परत आलेली. घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिचं पत्र आलं. तुझी पत्रं आमचा धाकटा बेकरीत मोठ्यानं वाचतो, लोक कणीक मळायचं थांबवून ऐकतात, असं तिने लिहिलं होतं. आई गेल्यापासून त्या भावाला तिनेच वाढवलेलं. आता तो उंचीनं दारात मावत नसे, आणि लग्न अजून व्हायचं होतं तरी छत्रीवाल्याला दाजी म्हणायचा. बेकरीवाल्यांना भरतीतून सूट होती. पण धाकट्यानं ठरवलं होतं, एक तारखेला आपणहून नाव द्यायचं. ‘दाजी आहेत तिथे कसली भीती, म्हणतो. मीही जा म्हटलं. तुम्ही दोघं एकत्र असलात की मला घोर नाही.’

छत्रीवाल्यानं ते पत्र वाचलं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला असता तर निभावलं असतं. हा धोंडा दुसऱ्याच्या पायावर पडत होता.

धाकट्याला अडवण्यासाठी लिहिलेलं पहिलं पत्र कात्रीनं खाल्लं, ते वर आलंच. मग त्याने युक्ती केली. खरं तेच लिहिलं, पण थापेच्या चालीवर. आमच्याकडे लाकडाच्या बंदुका आहेत, शत्रू हसून हसून मरावा म्हणून. आमच्या मास्तरांकडे पत्रांची पोती आहेत, ती पत्रं माणसं शोधत फिरतात आणि दमून परत येतात. म्हणून धाकट्याला सांग, इथे येऊ नको, परतायची वाट खेचरानं खाल्ली आहे. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, आणि पत्र न कापता पाकिटात घातलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. पोत्यांची गोष्ट ऐकून बेकरीतले लोक पोट धरून हसले होते. धाकट्यानं तर ती पुन्हा वाचून दाखवली.

जन्मभर ‘लांडगा आला’ ओरडणाऱ्याला एकदा खरोखरचा लांडगा दिसावा, तसं झालं. एक तारखेला बारा दिवस उरले होते. छत्रीवाल्याला अन्न जाईना. कवायतीत तो डावीकडे वळा म्हटलं की उजवीकडे वळू लागला, आणि हवालदारानं त्याला विचारलं ते ‘बाळा, दमलास का’ असं नव्हतं. शेवटी एका दुपारी त्याने तिसरं पत्र लिहिलं. चारच ओळींचं. माझा तुझ्यावर जीव नव्हता. इथे दुसरी भेटली आहे. तू बटणं लावणारी, तुझा भाऊ पीठ मळणारा, मला तुमची लाज वाटते. त्याला इथे पाठवू नकोस, मी ओळख देणार नाही.

मास्तरांनी वाचलं आणि कात्री बाजूला ठेवली.

“यात कापण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. मग पाकीट पुढे ओढून, “हे खरं आहे?”

“मास्तर, माझं कुठलं पत्र खरं होतं?”

मास्तरांनी पाकीट चिकटवायला जीभ बाहेर काढली, ती कोरडी पडली होती.

त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. एक तारीख आली आणि गेली. नव्या तुकडीत धाकटा नव्हता. पत्र आलं नाही म्हणून देवाचे आभार मानणारा त्या छावणीत हा एकटाच असेल. टपाल वाटलं जाताना तो हात मागे बांधून उभा राहायचा. त्याला वाटायचं, ती रडत असेल, आपल्याला शिव्या घालत असेल, पण धाकटा कणीक मळतोय. बस्स. कधीकधी तो कोटाचं बटण चिमटीत धरून फिरवायचा. बटण हलायचं नाही.

सतरा तारखेला दुपारी आणखी एक तुकडी आली. तिच्यात सगळ्यांच्या वर एक डोकं दिसत होतं.

धाकटा रांग मोडून सरळ त्याच्याकडे आला. एक अशी ठेवून दिली की छत्रीवाल्याच्या कानात घंटा वाजू लागल्या. मग कोटाची गळपट्टी धरून त्याला वर ओढलं. शिवण टर्रकन उसवली, कापड फाटलं. बटण मात्र जागेवरच राहिलं.

“एक तारखेला जाणार होतो, पण मालकानं पाय धरले म्हणून राहिलो. बेकरी बंद पडेल म्हणाला. सोडूनच दिलं होतं मी डोक्यातनं,” धाकटा धापा टाकत म्हणाला. “मग तुझं पत्र आलं. ताई चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी सही केली मी. हीच छावणी मागून घेतली. ही एक द्यायला.”

छत्रीवाल्यानं हात वर केला नाही. आणखी द्यायची असेल तर दे, अशा बेतानं उभा राहिला. तो रडत होता, पण ते थोबाडीत बसल्यानं असावं असं बघणाऱ्यांना वाटलं.

नाव नोंदवायला धाकट्याला मास्तरांच्या खोलीत जावं लागलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात लाकडाची रायफल होती आणि चेहऱ्याचा रंग पिठासारखा झाला होता. बराकीत येऊन तो छत्रीवाल्याच्या शेजारी पेंढ्यावर बसला. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, थांबत नव्हतं.

“कोपऱ्यात पाच पोती आहेत,” तो म्हणाला.

“तीन होती तेव्हा.”

धाकट्याला बुटांवर गुंडाळायच्या पट्ट्या दिल्या होत्या. त्या त्याने वेड्यावाकड्या गुंडाळल्या होत्या, कणकेच्या गोळ्याभोवती फडकं गुंडाळावं तशा. छत्रीवाला खाली गुडघ्यांवर बसला, त्याचा पाय मांडीवर घेतला, पट्टी पूर्ण सोडली आणि घोट्यापासून पुन्हा गुंडाळायला लागला. छत्रीचं कापड काड्यांवर ताणताना घ्यायचा तसा प्रत्येक वेढा अंगठ्यानं दाबून.

“दाजी, घट्ट होतंय.”

“असू दे. चिखलात सैल पट्टी निघते.”

धाकट्यानं खिशातून कागद आणि पेन्सिलीचा तुकडा काढला. पोचल्याचं कळवायचं, असं ताईला वचन दिलं होतं. त्याने कागद गुडघ्यावर धरला, पेन्सिल ओली केली आणि तशीच धरून राहिला.

“काय लिहू?”

छत्रीवाल्यानं दुसरा पाय मांडीवर घेतला. खेचर, असं त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्याने गिळलं.

“बटण तुटलं नाही म्हणून लिही,” तो म्हणाला. “मास्तर तेवढं कापत नाहीत.”