दोघींचं पुस्तक

"नीट धर गं, धडा मधेच तुटेल," मी म्हणाले.

काजवालीने पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरले. मी कारखान्यातल्या कटिंग मास्तरांची कापड कापायची सुरी ओढली. सहाव्या धड्यानंतर पुस्तकाचे दोन भाग झाले.

आमची रीतच होती ती. गणवेशांच्या कारखान्यात मी कॉलर लावते, ती काजं करते, म्हणून काजवाली. संध्याकाळी कॉलेजात दोघी एका बाकावर. पुस्तकाचा पुढचा भाग तिच्या घरी, मागचा माझ्या. ती वाचून मला सांगायची, मी तिला. मास्तर म्हणायचे, "दोघींना मिळून एकच पदवी द्या म्हणावं!"

अक्षरे मला तिनेच शिकवली, तीही गणवेशांच्या लेबलांवरून. तोवर मी अंगठा उमटवत होते. डोक्यावरचे केस पिकले तेव्हा कुठे डोक्यात अक्षर शिरले. मग बाहेरून परीक्षा देत देत दोघी कॉलेजापर्यंत पोचलो.

"या सेमिस्टरला पहिल्या बाकावर बसू," मी म्हणाले. "मागून फळा दिसत नाही मला."

"बसू की."

"आणि मला घाई करायची नाही."

"तुझं पान उलटेपर्यंत चहावर साय धरते."

मी हसले. ती हसली नव्हती, हे नंतर आठवले.

उरलेल्या निळ्या अस्तराची कव्हरे मी दोन्ही भागांना शिवली. सूनबाई म्हणाली, "आई, पहिलीत निघाल्यासारखी तयारी चाललीय तुमची."

"मग? पास व्हायचंय आम्हाला."

पहिल्या दिवशी शेजारी पिशवी ठेवून मी तिची जागा धरली. हजेरी संपली, तिचे नाव आलेच नाही. मी बाईंना विचारले.

"त्या सकाळच्या वर्गात गेल्या ना. सुट्टी लागल्या लागल्याच बदलून घेतलं. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "विसरले."

बाईंनी पहिला धडा काढायला सांगितला. माझ्याकडे सातव्यापासून पुढचे होते.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी सुटत आली, तेव्हा काजवाली दुपारच्या पाळीला आली. पाळीही तिने गुपचूप बदलून घेतली होती.

"पुस्तक कापताना धरलंस कशाला मग?"

ती मशीनवर रीळ चढवत राहिली. "तू एवढी खुशीत होतीस. तोंड उघडेना माझं."

"सुरी हातात घेतली तेव्हा तरी बोलायचंस."

"मला पुढं जायचंय गं. तुला सांभाळत बसले तर..." तिने पिशवीतून आपला भाग काढून माझ्या मशीनवर ठेवला. "तुलाच राहू दे. मी नवं घेतलंय."

अस्तराला घडीसुद्धा पडली नव्हती. केसाने गळा कापतात म्हणे. इथे तर सुरी मीच चालवली होती.

पाळी सुटल्यावर जाड सुईने मी दोन्ही भाग पुन्हा एकत्र शिवले. शिवण घट्ट बसली, पण पानांच्या आतल्या कडेची अक्षरे तिच्यात गेली.

संध्याकाळी बाईंनी मलाच वाचायला उठवले. शिवणीपाशी बोट ठेवून, गेलेली अक्षरे अंदाजाने भरत, मी सावकाश धडा पुरा केला. खाली बसले, तोच उशिरा आलेली एक मुलगी बाकापाशी थांबली.

"मावशी, इथं कोणी बसतं का?"

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"नाही. बस."