झाकणाआडचं लाल कमळ

"थेट बघू नकोस. नजर जरा बाजूला ने, डोळ्याच्या काठानं बघ. आणि उठताना झाकण लाव, धूळ बसते." माझे वडील चष्मे बनवायचे. दुर्बिणीशी बसवून ते मला हे दोन्ही सांगत. झाकण लावणं तर हाताला इतकं सवयीचं झालंय की जपमाळेसारखं आपोआप होतं.

त्या संध्याकाळी सभागृहाच्या गच्चीवर दीडशे माणसं रांगेत होती. पुढं तेजोमहाराज आणि त्यांची दुर्बीण.

"या ताई. आकाशगर्भातलं लाल कमळ बघा. ज्याला दिसलं त्याची दृष्टी शुद्ध. मग कसली औषधं आणि कसलं काय."

माझ्या थोरल्या बहिणीला ते कमळ दिसलं होतं. त्या दिवसापासून तिचे काचबिंदूचे थेंब बंद. "पाकळ्या मोजल्यात मी," ती म्हणायची. "डोळे बरे नसते तर दिसल्या असत्या का?"

माझी पाळी आली. लालभडक, पाकळी न् पाकळी ठळक. वडिलांनी दुर्बिणीतून हेच कमळ म्हणून दाखवलेला आकाशातला मेघ तर राखाडी, धुरकट होता. माझंच काही चुकलं असेल म्हणून हात जोडले, उठले आणि नळीच्या पुढच्या तोंडाशी लटकणारं झाकण लावून बाजूला झाले.

रांगेतल्या मागच्या शिंपीणबाई दुर्बिणीवर वाकल्या. "काय सुरेख लाल आहे हो."

"बाई, दिसतंय?"

"स्वच्छ."

"झाकण लागलंय."

महाराज हसले. "कमळाला झाकण अडवतं होय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाकण लावलेल्या नळीला टाळ्या. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे होऊन मी डोळ्याकडची भिंगाची नळी फिरवून काढली, चष्मेवाल्याच्या मुलीला तेवढं येतं. आत नखाएवढी रंगीत फिल्म होती, मागं बटणाएवढा दिवा.

"म्हणजे कमळ खोटंच?" शिंपीणबाई हिरमुसल्या.

"कमळ खरं आहे. तो वायूचा मेघ. मधल्या तरुण ताऱ्यांच्या वाऱ्यानं त्याचा मध्य पोकळ झालाय, त्यांच्याच तेजानं तो पेटलाय. लाल रंग कॅमेरा तासन्‌तास जमवतो. डोळ्याला अंधारात राखाडी पुसटसा दिसतो, तोही काठानं पाहिलं तर."

तरी अर्ध्याअधिक लोक महाराजांच्याच पाया पडून गेले.

घरी बहीण अडून बसली. "फिल्म का असेना, मला दिसली ना?"

"मधोमध दिसली, ताई. काचबिंदू आधी नजरेचा काठ खातो. खरा मेघ काठानंच दिसतो. थेंब सुरू कर, चंद्र नसेल त्या रात्री गावाबाहेर नेऊन दाखवते."

"रोज कोण आठवण ठेवणार?"

"मी येईन."

देव मी रोज पूजते. त्याला बटणाएवढा दिवा लपवावा लागत नाही. कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी झाकण लावून बघा, एवढंच माझं मागणं.

आज अकरावा दिवस. जप झाला, समई शांत केली. थेंबांची बाटली पिशवीत टाकली आणि ताईच्या घराकडे निघाले.