कलत्या टेबलावरची सकाळ

शिवणकाम करणाऱ्या मावशी तीनदा बेशुद्ध पडल्या आणि तिन्ही वेळा घरात एकट्याच होत्या. भाचा फोनवर हटून बसला. "कारण सापडलं नाही ना मावशी, तर सरळ वृद्धाश्रम. मी काही ऐकायचा नाही." नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि हा एकुलता एक भाचा दूर बसून हुकूम सोडणारा. मावशींना आपलं घर आणि आपलं मशीन सोडायचं नव्हतं. तेवढ्यासाठी त्या हॉस्पिटलच्या खेपा घालत होत्या.

खेपा तरी किती! एकदा हृदयाचा आलेख, महिन्याने रक्त, मग डॉक्टरसाहेब रजेवर. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न, "पडताना कोणी पाहिलं?" मावशी म्हणायच्या, "बघायला कोणी असतं, तर त्याने धरलं नसतं का मला?" कारकून हसायचा आणि त्या रकान्यात रेघ मारायचा.

शेवटी एका नर्सबाईंनी वरिष्ठांचं डोकं खाऊन खाऊन बेशुद्ध पडणाऱ्या पेशंटांच्या सगळ्या तपासण्या एकाच सकाळी, एकाच खोलीत आणल्या. मावशींचा नंबर पहिल्याच आठवड्यात लागला.

आलेख झाला, रक्त झालं. मग उभ्याने घेरी येते का ते पाहायला मावशींना टेबलावर पट्ट्यांनी बांधलं आणि टेबल कलवून जवळजवळ उभं केलं. नर्सबाई समोर स्टुलावर बसल्या. पेशंटवरून नजर हटवायची नाही, हा त्यांनीच घातलेला नियम. मावशींकडे इतका वेळ कोणी पाहून वर्षं लोटली होती. त्यांना लाजल्यासारखं झालं.

"एवढं काय बघतेस गं? स्थळ आणलंयस का माझ्यासाठी?"

"बोलू नका हो, यंत्रावरची रेघ उड्या मारते," नर्सबाई हसत म्हणाल्या.

विसाव्या मिनिटाला घाम फुटला, आवाज लांब गेले आणि सगळं काळं झालं.

डोळे उघडले तेव्हा टेबल आडवं होतं आणि मनगट नर्सबाईंच्या हातात होतं.

"सापडलं, मावशी! उभ्याने रक्तदाब एकदम उतरतो तुमचा. हृदय ठणठणीत आहे. पाणी भरपूर प्या, कापड बसून बेता, आणि घेरी आली की लगेच आडव्या व्हा."

"म्हणजे घरीच राहू?"

"खुशाल राहा एकट्या. आता परत यायचीही गरज नाही."

इतके महिने हेच ऐकायला मावशी झुरत होत्या. भाच्याचं तोंड आता बंद होणार होतं. नर्सबाईंनी मनगट सोडलं आणि त्या कागद आवरू लागल्या.

"अगं, अजून गरगरतंय जरा," मावशी धडधडीत खोटं बोलल्या, आणि हात पुन्हा पुढे केला.