आंबील हलली नाही

गाडीच्या पडद्यावरची हिरवी रेघ पुन्हा लांब झाली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या नेत्रावतीबाईंच्या मांडीवरच्या कळशीतली आंबील पुढं कलली, तोंडाला बांधलेलं फडकं ओलं झालं... दरवर्षी होतं तसंच. त्यांनी कळशी पोटाशी ओढली.

"ब्रेक न्हाई लावलो अव्वा," त्यांचा मुलगा बसवप्रभू गाडी चालवता चालवता म्हणाला. महिन्यापूर्वीच त्यानं ही विजेची गाडी घेतली होती. "पाय उचलला की आपोआप हळू व्हायलीय. अन् थांबता थांबता बॅटरी भरायलीय."

आपोआप. हा शब्द बाईंच्या नवऱ्याचा, बंडेप्पांचा. येळ अमावस्येला, शेतातच पूजा करून जेवायच्या सणाला, नौबादच्या घरून शेतावर निघालं, की मुडबीच्या अलीकडच्या उतारावर ते जीप न्यूट्रल करायचे, किल्ली बंद करायचे. पेट्रोल वाचतंय, म्हणायचे. मग नुसता वारा, चाकांची सरसर, रस्त्याकडेची तूर... त्या दोन मिनिटांत नवरा हलकंसं गुणगुणायचा आणि त्यांना वाटायचं, हे आपल्यासाठी, वर्षभराचं न बोललेलं सगळं यातच आलं. खाली चिंचेजवळ, लक्ष्मम्माच्या दाराशी जीप थांबायची. "उतार जिथं सोडील तिथं पाणी प्यायचं," ते म्हणायचे. तीस वर्षं उतारानं तिथंच सोडलं. लक्ष्मम्मा एकटी, तिचा नवरा हैदराबादला. "या अक्का," म्हणत ती तांब्या द्यायची, आणि बंडेप्पा इंजिन गार होईपर्यंत पाणी आणायला म्हणून परसात जायचे. ते गेल्याला बारा वर्षं झाली. तरी अजूनही तिच्या वाटचे सणाचे भज्जी-उंडे वेगळ्या डब्यात असतात. आत्ताही पायाशी होते.

उतार आला.

"अप्पासारखी सोडून बघू काय?" प्रभूनं पडद्यावर कुठंतरी बोट लावलं. हिरवी रेघ पुसली गेली. गाडी नुसती वाहू लागली, तीच सरसर, तोच वारा, आणि बाईंनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चिंच मागं पडत होती. दारात लक्ष्मम्मा, केस पांढरेशुभ्र, हात वर केलेला — तीही मागं. गाडी ओढ्याचा पूल ओलांडून, पुढच्या सपाटीवर रेंगाळत, कुणी न थांबवता आपली आपण थांबली.

आंबील हलली नव्हती.

"ही हलकी असंल," बाई म्हणाल्या. "जीप जड व्हती."

"जड गाडी जास्तच पळते अव्वा."

"मग अप्पाची तिथंच कशी थांबायची?"

प्रभूनं काच खाली केली. वर घेतली. "ब्रेक लावायचे की. चिंच दिसली की हळूहळू."

"तुला दिसायचं?"

"मी पुढं बसायचो न्हवं. तू मागं, कळशी धरून."

"अन् कधी बोलला न्हाईस."

"काय बोलायचं अव्वा."

म्हणजे यालाही ठाऊक होतं... तीस वर्षं लुगडं गुडघ्यापाशी ओलं व्हायचं. आंबील सांगत होती, आणि मी कळशी मागं ओढत राहिले. इंजिन तर वरच बंद केलेलं असायचं — मग खाली गार काय व्हायचं? मी विचारलं का कधी? चिंचेखाली लेकराला घेऊन बसले, तिच्या तांब्यातलं पाणी प्याले, वर म्हणाले, लक्ष्मम्माच्या विहिरीला गोडी आहे. ती दोन मिनिटं तरी माझी होती का — का तो दुसरीकडंच कान देऊन...

"मागं घेऊ काय?" प्रभू म्हणाला. "वाट बघायलीय ती."

आरशात लक्ष्मम्मा दिसत होती, एवढीशी. हात अजून वरच. हाक मारत होती की उन्हासाठी डोळ्यांवर धरला होता, कळत नव्हतं.

नेत्रावतीबाईंनी खाली पाहिलं. डब्याशेजारी त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर, ब्रेकवर असावा तसा, गच्च दाबलेला होता, बोटं पांढरी पडलेली. चिंच मागं पडल्यापासून असावा. तो उचलायचा होता, एवढंच. त्या नुसत्या पायाकडं पाहत राहिल्या.