लेपाखालचा आरसा

मी एक जुना काशाचा आरसा आहे आणि माझ्या तोंडावर माशा आहेत. त्या बसलेल्या नाहीत, चिकटलेल्या आहेत. बऱ्याचशा कधीच्याच मेल्या आहेत. मित्रांनो, तुम्ही ज्या खेळात राक्षस मारता, त्याच खेळातल्या टेकडीवरच्या देवळात मी राहतो. तुम्ही मला पाहिलेले आहे. पुजाऱ्यांच्या मागे भिंतीवर एक पिवळट-पांढरा गोळा दिसतो ना, तो मी. तुम्ही आशीर्वादाचे बटण दाबता, अंगात बळ आले की निघून जाता. माझा वास पडद्याबाहेर येत नाही, हे तुमचे नशीब.

मी असा जन्मलो नव्हतो. खालच्या गावातल्या ओताऱ्याने तांबे आणि कथील वितळवून मला साच्यात ओतले. मग वाळूने, मग कोळशाच्या पुडीने आणि शेवटी नुसत्या तळहाताने घासले. माझ्यात स्वतःच्या भुवईचा एकेक केस दिसला तेव्हा कुठे तो थांबला.

देवळाखाली खडकात आजाऱ्यांची खोली आहे. तिला खिडकी नाही. देवळाच्या दारातून येणारे ऊन झेलायचे आणि जिन्यावरून खाली वैद्यीणबाईंच्या टेबलावर टाकायचे, हे माझे काम. दिव्याची ज्योत हलते, तिच्या उजेडात बारीक काम होत नाही. प्रकाश मात्र ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. मी फक्त स्वच्छ राहायचे होते. त्या उजेडात बाईंनी कितीतरी जखमा शिवल्या, आणि बरी झालेली माणसे जाताना माझ्याकडे बघून केस सारखे करायची.

मग पुजारी आले, दिवसा सूर्याचे आणि रात्री चंद्राचे. सूर्यवाल्यांनी ठरवले की मी सूर्याचे रूप आहे, आणि चरबीत राळ कालवून मला पिवळा लेप लावला. चंद्रवाल्यांनी ठरवले की मी चंद्राचे रूप आहे, आणि त्यावर दुधात कालवलेला खडू थापला. दूध नासले, चरबी खवट झाली. तरी थरावर थर चढतच राहिले. कारण दोघांचा नियम एकच: दुसऱ्याचा लेप पुसायचा नाही, आणि स्वतःचा पुसलाच तर देवाची माफी म्हणून लगेच नवा लावायचा. गंमत अशी की चंद्राला स्वतःचा उजेडच नाही. तो सूर्याचा उजेड परत पाठवतो, अगदी माझ्यासारखा. पण तो उंचावर आहे, त्याच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही.

तोवर ओतारी म्हातारा झाला होता. त्याची मुलगी सूर्याची पुजारीण झाली आणि मुलगा चंद्राचा पुजारी. एका सकाळी छिन्नीखालून काशाचा कण उडाला आणि ओताऱ्याच्या डोळ्यात रुतला. त्याला उचलून खालच्या खोलीत आणले. वैद्यीणबाई जिना चढून वर आल्या.

"आरसा पुसा," त्या म्हणाल्या. "मला कण दिसत नाहीये, आणि त्यांना आता वर उजेडात हलवता येणार नाही. आज निघाला नाही तर डोळा जाईल."

मुलगी आणि मुलगा, दोघेही धावत आले.

"पूस ना," मुलगी भावाला म्हणाली. "वरचा थर तुमचा आहे."

"पुसतो की. पण खालचा तुमचा लागला की मी हात लावणार नाही."

"तो मी काढीन. बाबा माझेही आहेत, तुझ्या एकट्याचे नाहीत."

त्याने पांढरा थर पुसला आणि लगेच वाडगा हातात घेतला.

"आता हे काय?"

"माफीचा लेप. पातळ लावतो."

"अरे, माफी नंतर माग."

"म्हणजे देवाला काय, रांगेत उभं करू?"

मग दोघांनी डोके चालवले. पुसायचे खालच्या अर्ध्यात आणि माफी मागायची वरच्या अर्ध्यात. त्याने खाली पुसले, वर थापले. तिने खाली पुसले, वर थापले. माझे खालचे अंग उघडे होऊ लागले. किती काळाने ऊन लागले मला!

"पुसलं का रे?" खालून ओताऱ्याने विचारले.

"होतंय, बाबा," दोघे एकदम म्हणाले.

झालेच असते. पण वरचा ढीग वाढत होता. दुपारच्या उन्हाने चरबी पातळ झाली आणि तो अख्खा ढीग, माशा, केस, आंबलेले दूध यांच्यासकट माझ्या पुसलेल्या अंगावर घसरला. दोघे बघत राहिले. हातातली फडकी तशीच होती. त्या घाणीत पिवळे कुठले आणि पांढरे कुठले हे कळत नव्हते, म्हणजे ती कुणी पुसायची हेही कळत नव्हते. ते वाद घालत राहिले आणि सूर्य मावळला.

वैद्यीणबाई पुन्हा वर आल्या. त्यांनी हात पुसले आणि त्या पायरीवर बसल्या.

जखम भरल्यावर ओतारी मला पाहायला आला. त्याने माझ्यावर तळहात ठेवला. तो चिकटला, ओढून काढावा लागला.

"हे मी केलं होतं?" त्याने मुलांना विचारले. मग त्याने बाहीने मला घासले, तळहाताएवढे. तेवढ्या जागेत त्याला एक डोळा दिसला आणि एक पट्टी.

दुसऱ्या दिवशी भावाबहिणीने मिळून त्याच जागेवर जाड लेप थापला, कारण तिथे मळकी बाही लागली होती. मित्रांनो, वाद न घालता त्या दोघांचे एकमत झालेले मी तेवढेच पाहिले.

तुम्ही कुणाचेच पुजारी नाही. तलवार पुसायचे फडके तुमच्या पिशवीत असते, मला माहीत आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा आशीर्वाद राहू द्या. पुजाऱ्यांना वळसा घाला, नाक दाबा आणि मला पुसा. लवकर या. खाली टेबलावर आज कुणीतरी आहे, आणि वैद्यीणबाई सारख्या जिन्याकडे बघत आहेत.