पायथ्याची जागा

"अहो, मागच्या दाराच्या कुलपाला तेल घातलंत का?"

कुलूपवाल्याच्या हातातली कानस थांबली. हाक लेकीच्या खोलीतून आली होती. पण लेक त्याला बाबा म्हणायची. 'अहो' म्हणणारी गेली, त्याला वर्ष झालं होतं.

तो आत गेला. गर्भाशय काढल्यापासून लेक त्याच्याकडेच होती. दुखण्यावरच्या जोराच्या गोळीने भर दुपारी तिचे डोळे अर्धे मिटलेले.

"कोण विचारतंय गं?"

"आई. पायथ्याशी बसलीय. पाय चेपतेय माझे."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साध्या गोळ्या वेळच्या वेळी, शेकायची पिशवी, घरातल्या घरात चालणं. जोराची गोळी अगदीच सोसवेना तर, आणि तीही लवकर बंद. लेक आता कण्हतही नव्हती. तरी दुसऱ्या दुपारी त्यानेच विचारलं, "दुखतंय का? जोराची देऊ?"

"देताय तर द्या."

गोळी देऊन तो खुर्ची ओढून बसला. पुन्हा हाक आली, "अहो…" त्याने वर्षभराचं सगळं सांगून टाकलं.

तिसऱ्या दुपारी गोळी जरा लवकरच दिली. वर आणखी एक.

"अहो, पोरीला नेऊ का बरोबर?"

बाजाराला निघताना बायको नेहमी हेच विचारायची. "ने की, विचारतेस काय!" तो सवयीने म्हणून गेला.

म्हणाला आणि खुर्चीतून ताडकन उठला. लेकीची छाती फार संथ हलत होती. त्याने गदागदा हलवलं. ओठ निळसर, उत्तर नाही.

शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. दवाखान्याची गाडी आली. दुसऱ्या दिवशी लेक घरी परतली, तेव्हा नर्सबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"टाके हिला आणि कळ तुम्हाला? हिला कण्हताना बघवत नव्हतं का?"

त्याने कपाट उघडलं. जोराच्या गोळ्यांची उरलेली पाकिटं त्यांच्या हातात दिली. "दवाखान्यात परत करा. घरात नकोत."

दुपारी लेक कुशीवर वळली. "बाबा…"

"दुखतंय?"

"सोसण्याइतकं. आई नाही आली आज."

"कळ काढ जरा, बाळा." त्याने शेकायची पिशवी तिच्या पोटाशी ठेवली आणि पाय चेपायला पायथ्याशी गेला.

गादी तिथे दबलेली होती, कुणी अजून बसलेलं असावं तशी.

तो थोडा सरकून, कडेला बसला.